हरकत नाही!

मराठी माणूस दिवसातून निदान दहा वेळा 'हरकत नाही' म्हणतो. चहात साखर कमी पडली, हरकत नाही. उसने दिलेले पैसे पुढच्या महिन्यात मिळतील, हरकत नाही. पाहुणे आणखी दोन दिवस राहणार आहेत, हरकत नाही. (हे शेवटचं म्हणताना आवाज किंचित बारीक होतो, पण म्हणतो.) जन्मभर हेच दोन शब्द घोकलेल्या माणसाला एके दिवशी सरकार वर्तमानपत्रात नोटीस देऊन विचारतं, की बाबा रे, तुझी काही हरकत आहे काय? अशा वेळी त्याची जी अवस्था होते ती माझी झाली.

शहराचं नाव सांगत नाही. माझं पाण्याचं कनेक्शन अजून तिथंच आहे. एवढंच सांगतो, की मी मूळचा भिवापूरचा. नागपूर जिल्ह्यातलं, उमरेडच्या पुढचं भिवापूर. ज्यांच्या तोंडाला आणि डोळ्यांना हे नाव ऐकताच एकदम पाणी सुटतं, त्यांना तिथल्या मिरचीबद्दल वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो, की आमच्या मिरचीला सरकारनं भौगोलिक मानांकनसुद्धा दिलं आहे. म्हणजे आमच्या गावाला तिखट म्हणायला आता सरकारचीही हरकत नाही.

तर नोटीस. ही मला समोशाच्या कागदावर भेटली. कोपऱ्यावरच्या हॉटेलातून चार समोसे आणले होते. खाऊन झाल्यावर, कागदावरचं तेल वाचायची सवय असल्यामुळे (माझं बरंचसं सामान्यज्ञान असं तळलेलं आहे) वाचू लागलो, तर आमच्याच गल्लीचा सर्व्हे नंबर! 'महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ अन्वये' अशी झोकात सुरुवात, मग मुंगीच्या पायाएवढ्या टाइपात दोन परिच्छेद, आणि शेवटी, 'नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून एक महिन्याच्या आत हरकती व सूचना लेखी सादर कराव्यात.' तारीख पाहिली. सव्वीस दिवस झाले होते. कायदा म्हणतो, नोटीस राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावी. दिलीच होती. त्यात खोट काढता येत नाही. राजपत्र वाचणारा गृहस्थ मी आजवर पाहिलेला नाही हा भाग वेगळा.

मजकुराचा अर्थ लावायला तासभर गेला. आमच्या घराच्या पश्चिमेला एक जुनी तीन मजली इमारत आहे. तिचा पुनर्विकास व्हायचा होता. खाली दोन मजले तळघर, वर चौदा मजले. शिवाय बाजूच्या क्रीडांगणाच्या आरक्षणाची हद्द 'किंचित' सरकवायची होती. नकाशावर ती पेन्सिलीच्या रेघेएवढीच सरकली होती. प्रत्यक्षात पोरांचा लेग स्टंप होता तिथपर्यंत.

त्या इमारतीबद्दल आधी बोलतो, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी चौदा मजल्यांवर जळतो. इमारत खरोखरच पडायला झाली आहे. जिन्याखालच्या सळया हाडं दिसावीत तशा दिसतात. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या चार कोपऱ्यांत चार पातेली मांडून मग पाचव्यात वरण शिजवतात. त्यांना नवं घर नको असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? २०१९च्या जुलैत मुंबईत डोंगरीला इमारत कोसळली, २०२०च्या सप्टेंबरात भिवंडीला कोसळली, त्यात किती माणसं गेली. मुंबईच्या बीडीडी चाळी घ्या. १९२०च्या दशकातल्या त्या दोनशे सात चाळींत एकशेसाठ चौरस फुटांत तीन-तीन पिढ्या निघाल्या. २०१७ला पुनर्विकासाचं भूमिपूजन झालं आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या पाचशे छप्पन्न घरांच्या किल्ल्या मिळाल्या. पाचशे चौरस फूट! किल्ली हातात घेऊन कोणी रडलं असेल, तर त्या रडण्याला नावं ठेवणारा माणूस मी नव्हे. पुनर्विकासाला माझा विरोध नाही, हे वाक्य मी अर्जातही लिहिलं होतं. दोनदा. दुसऱ्यांदा लाल शाईनं अधोरेखित करून.

अर्ज लिहायला बसलो तेव्हा सौभाग्यवतीनं विचारलं, "पण तुमची हरकत आहे तरी काय?"

"अं... पर्यावरण. लोकसंख्येची घनता. पायाभूत सुविधांवरचा ताण."

"आणि मिरच्या?"

मिरच्यांचं असं आहे. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चात भिवापूरहून आमच्याकडे दहा किलो लाल मिरची येते. आमच्या गावाकडे मिरचीच्या सातऱ्यांवर शेकडो बाया बसून देठ खुडतात. आमच्या घरी तेच काम मी आणि सौभाग्यवती करतो आणि नंतर दोन दिवस डोळ्यांना हात लावत नाही. मग गच्चीवर जुनी लुगडी अंथरून मिरच्या वाळत घालायच्या. पश्चिमेला चौदा मजले उभे राहिले की तीननंतर गच्चीवर सावली येणार. अर्धवट वाळलेली मिरची डब्यात गेली की बुरशी धरते. आता हे सरकारला कसं लिहायचं? मिरची हा शब्द कलम ३७मध्ये कुठंही नाही. म्हणून मी लिहिलं, 'प्रस्तावित बांधकामामुळे परिसरातील नैसर्गिक सूर्यप्रकाशाच्या उपलब्धतेवर विपरीत परिणाम होईल.' सौभाग्यवतीनं वाचलं आणि म्हणाली, "म्हणजे मिरच्याच ना? मग मिरच्याच लिहा की."

मी वकील मित्राकडे गेलो. त्यानं इझमेंटचा कायदा काढला. १८८२चा. एखाद्या इमारतीला वीस वर्षं बिनबोभाट उजेड मिळत आला असेल, तर तो उजेड तिचा हक्क होतो, असं त्यात आहे. त्यातली एक गंमत मला फार आवडली. हा कायदा सुरुवातीला मद्रास, कुर्ग आणि मध्यप्रांतालाच लागू होता. मुंबई इलाख्याला तो मिळाला १८९१मध्ये. म्हणजे मुंबईकरांना उजेडाचा हक्क मिळण्याच्या नऊ वर्षं आधी आम्हा नागपूरकडच्या लोकांना तो मिळालेला! पुढे वऱ्हाड-नागपूरच्या अनुशेषावर जी काय भाषणं झाली, त्यांत हा मुद्दा कुणी काढल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. उजेडात आम्ही पुढे होतो.

"मग केस करू?" मी हुरूपानं विचारलं.

"घराच्या खिडकीत मिट्ट काळोख होत असेल तर बघता येईल. पण कायदा उजेड इमारतीला देतो, मिरचीला देत नाही," मित्र म्हणाला आणि चहाचे पैसे मला द्यायला लावले.

मिरचीचं सोडा. खरी हरकत पाण्याची होती, आणि ती मला स्वतःला सुचलीच नव्हती. ती सुचली समोरच्या घरातल्या आजोबांना. ते या गल्लीत सगळ्यांत जुने. त्यांनी सांगितलं, की त्या इमारतीच्या खालून पूर्वी नाला जायचा. त्यावर फरश्या पडल्या, मग माती पडली, मग इमारत झाली. पण पाण्याला कुणी कळवलं नाही. दर जुलैत एकदा तरी ते आपल्या जुन्या वाटेनं येतं, आणि त्या इमारतीच्या तळमजल्यावर घोट्याएवढं साचतं. आता तिथंच दोन मजली तळघर होणार होतं! म्हणजे गल्लीनं आपलं सगळं पाणी ज्यांच्या घरात सोडायचं, त्यांनीच त्यासाठी हौद बांधायला घेतला होता, आणि त्यात मोटारी ठेवायच्या होत्या.

सुनावणीचा दिवस उजाडला. मी इस्त्रीचा शर्ट घातला. कार्यालयाच्या व्हरांड्यात आमच्या गल्लीतले आठ-दहा लोक एका बाजूला आणि त्या इमारतीतले वीस-पंचवीस दुसऱ्या बाजूला. मधे पिण्याच्या पाण्याचा कोरडा कूलर. परवापर्यंत जे लोक एकमेकांकडे विरजण मागायला जात होते, ते आता एकमेकांकडे न बघण्यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. काकूही आल्या होत्या. मी हसलो. त्यांनी कॅलेंडर वाचलं.

कलम सदतीसखाली माझा नंबरही सदतीसच निघाला. हा शुभशकुन समजून मी आत गेलो. साहेब सभ्य होते. दिवसभर ऐकून ऐकून त्यांचा चेहरा निवडणूक अधिकाऱ्यासारखा झाला होता.

"बोला. तीन मिनिटं."

मी उजेडावर बोललो. क्रीडांगणावर बोललो. मग नाल्यावर आलो.

साहेबांनी नकाशा पसरला. "कुठे आहे नाला?"

"इथे."

"इथे नकाशात नाला नाही."

"नकाशात नाही साहेब. पण जुलैत असतो."

बाजूचा लेखनिक हसला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "नोंद घेतो," म्हणाले. लेखनिकानं नोंद घेतली. बाहेर पडताना मी हळूच त्याच्या कागदावर डोकावलो. त्यात रकाने होते : रस्ता, पार्किंग, आरक्षण, उंची, इतर. माझा नाला 'इतर'मध्ये गेला होता. मिरच्याही तिथंच होत्या. (होय, शेवटी मी मिरच्या लिहिल्या होत्या. घरी राहायचं आहे मला.)

इथवर हसत हसत आलो, पण आता थोडा गरम होणार आहे. मिरचीच्या गावचा आहे, चालवून घ्या.

माझं भांडण त्या साहेबांशी नाही. चौदा मजल्यांशीही नाही. माझं भांडण आहे ते शेजारी नावाच्या प्राण्याला आपल्या साऱ्या व्यवस्थेनं जिथं बसवलं आहे त्या जागेशी, म्हणजे 'इतर'शी. बघा ना, सोसायटीनं पुनर्विकास करायचा तर सभासदांना विचारतात. २००९च्या सरकारी आदेशाप्रमाणे तीन-चतुर्थांश सभासदांची संमती लागे, २०१९च्या जुलैपासून एक्कावन्न टक्क्यांवर भागतं. बिल्डरला विचारतात, किंबहुना तोच बाकीच्यांना विचारतो. आर्किटेक्टला विचारतात, बँकेला विचारतात, अग्निशमन दलाला विचारतात, इमारत विमानतळाजवळ असेल तर विमानालाही विचारतात. शेजाऱ्याला? त्याला कोणी नाही. आमच्या प्रकरणात क्रीडांगणाची हद्द सरकत होती, म्हणून तर विकास आराखड्यात बदल, म्हणून नोटीस, म्हणून सुनावणी. ती रेघ तेवढी सरकवली नसती, तर परवानगी मालक आणि महापालिका यांच्या दोघांत झाली असती आणि आम्हाला बातमी कळली असती ती जेसीबीच्या आवाजानं. भिंतीला भिंत लागून जो जन्मभर राहणार, ज्याच्या दारातून रेतीचे ट्रक जाणार, ज्याच्या बोअरचं पाणी खाली जाणार, त्याचा त्या फॉर्मवर रकानाच नाही.

आणि जिथं विचारतात तिथं तरी काय होतं? मुंबईचं उदाहरण फार शिकवणारं आहे. २०१५च्या फेब्रुवारीत महापालिकेनं पुढच्या वीस वर्षांचा विकास आराखडा प्रसिद्ध केला. त्यात चुका एवढ्या, की असलेलं नाहीसं आणि नसलेलं हजर. साठ हजारांच्या वर हरकती आल्या. एकेकाला माझ्यासारखी तीन मिनिटं दिली असती, तर साहेबांना रोज आठ तास, रविवार-दिवाळी न घेता, तीनशे पंचाहत्तर दिवस नुसतं ऐकत बसावं लागलं असतं. तसं करावं लागलं नाही. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी आराखडाच बाजूला ठेवायला सांगितला, २०१६मध्ये नवा आला आणि २०१८मध्ये तो मंजूर झाला. जुन्या पुण्याच्या आराखड्यावरही २०१३मध्ये ऐंशी हजारांहून जास्त हरकती आल्या होत्या. म्हणजे हरकतीचा उपयोग होतो! फक्त त्या साठ हजार पाहिजेत. एक हरकत आली तर ती 'इतर', साठ हजार आल्या तर राजकारण. आमच्या गल्लीत साठ हजार माणसं कुठून आणू? पुनर्विकास पुरता झाल्यावर कदाचित मिळतील.

कोणी म्हणेल, नगरसेवक कशाला असतात? बरोबर आहे. पण मार्च २०२२पासून जवळजवळ चार वर्षं मुंबई आणि नागपूरसारख्या मोठ्या महापालिकांत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. निवडणूक झाली ती २०२६च्या जानेवारीत. नगरसेवक हा प्राणी काय आहे हे मला ठाऊक आहे. तरी पण त्याच्या घरी रात्री दहाला जाऊन दार वाजवता येतं, आणि तोही डोळे चोळत 'या, बसा' म्हणतो, कारण पुढच्या वेळी त्याला आपल्या दारात यायचं असतं. प्रशासकाला आपल्या दारात कधीच यायचं नसतं. आमची हरकत ज्या सभागृहानं तोलायची, ते सभागृह रिकामं होतं आणि तराजू कुलपात होता. आणि सभागृह भरलेलं असलं तरी कलम सदतीसचा शेवटचा शब्द मंत्रालयातूनच यायचा. आमचा जुलैतला नाला मंत्रालयात कोणाला दिसणार?

त्या दिवसांत मी दोन दिवस भिवापूरला गेलो. छोट्या लाइनची गाडी ब्रॉडगेजसाठी २०१९मध्ये बंद झाली, तेव्हा एसटीनं गेलो. काकाजी ओट्यावर बसले होते.

"काहून बाबू, चेहरा कायले पाडला?"

मी सगळी कथा सांगितली. कलमासकट. काकाजींनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पण तुमी त्या इमारतवाल्याईशी बोलले का नाही?"

"बोललो ना. सुनावणीत."

"त्याच्या पयले?"

मी गप्प.

"भिंत बांधाची असन त पयले बाजूवाल्याले विचारा लागते. वळचणीचं पाणी कुठी पडन हे त्याले मालूम रायते. नकाशावाल्याले नाही."

काकाजींच्या घरावर पूर्वी कवेलू होते. वळचणीचं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात पडे आणि तिथल्या कढीपत्त्याला जाई. स्लॅब टाकायची ठरली तेव्हा काकाजींनी आधी शेजाऱ्याला ओट्यावर बोलावलं. आता गावात सगळं गोडीगुलाबीचं असतं असं मात्र समजू नका. तो गृहस्थ कढीपत्त्याच्या पाण्यासाठी असा भांडला, की पंधरा दिवस दोन्ही घरांत बोलणं बंद. त्याआधी एका कडुनिंबाच्या फांदीवरून हीच मंडळी तीन वर्षं अबोल होती. शेवटी स्लॅबला एक पाइप काढून तो त्याच्या अंगणात सोडायचं ठरलं. आजही तो पाइप आहे, आणि कढीपत्ता आमच्याही आमटीत पडतो. पण मुद्दा असा, की भांडण स्लॅब पडायच्या आधी झालं. सिमेंट ओलं असताना माणसं भांडली तर पाइप निघतो. सिमेंट सुकल्यावर भांडली तर वकील निघतो.

काकाजींना मी म्हटलं, की हे तुमचं ओट्यावरचं राज्यही आता फार दिवसांचं नाही. भिवापूरला नगरपंचायत आहे, आणि २०२०च्या डिसेंबरात मुंबईसारखे थोडे अपवाद सोडून साऱ्या राज्याला एकच बांधकाम नियमावली लागू झाली, ती नगरपंचायतींनाही लागू आहे. उद्या तुमच्या बाजूचं कवेलूचं घर जाऊन तिथं तीन मजली कॉम्प्लेक्स येईल, खाली मोबाइलचं दुकान. त्या नियमावलीत जिन्याची रुंदी आहे, पार्किंगची मोजमापं आहेत, पण बाजूवाल्याला ओट्यावर बोलावून विचारा असं कलम नाही.

"मंग टाका म्हना," काकाजी म्हणाले. त्यांना वाटलं, माझी कुठंतरी ओळख आहे.

ओळख नाही, पण मागायला काय जातं? तेव्हा मागतो. फार नाही. नकार देण्याचा अधिकार मला नको. तो माझ्यासारख्याच्या हाती दिला, तर देशात एकही घर उभं राहणार नाही. जो तो आपलं घर बांधून झालं की गल्ली पुरेशी भरली असं समजतो. मी स्वतः बाल्कनी कधीच खोलीत घेतली आहे, आणि त्या वेळी कोणाला विचारलं नव्हतं, हे इथं कबूल केलेलं बरं. (ही कबुली कृपया 'इतर'मध्ये नोंदवावी.) मला हवंय ते इतकंच, की नकाशा मंजुरीला जाण्यापूर्वी, कागदावर पेन्सिल असतानाच, आजूबाजूच्या घरांना एक पत्र यावं आणि जागेवर, माणसाला चष्मा न लावता वाचता येईल एवढ्या अक्षरांची मराठी पाटी लागावी. विलायतेत एकेका इमारतीच्या अर्जासाठी हे करतात. शेजाऱ्याला पत्र जातं, नाहीतर जागेवर पाटी लागते, आणि बोलायला एकवीस दिवस मिळतात. ज्या इंग्रजानं आम्हाला १८८२मध्ये उजेडाचा कायदा दिला, त्याच्याकडून ही पाटीही घेतली असती तर बिघडलं नसतं. आणि दुसरं, जो माणूस रजा टाकून, इस्त्री करून हरकत सांगायला येतो, त्याला उत्तर द्यावं. मान्य नसेल तर मान्य नाही म्हणा, पण का नाही ते दोन ओळींत लिहा. 'नोंद घेतली' हे उत्तर नव्हे. नोंद तर यमाच्या दरबारात चित्रगुप्तही घेतो, पण निदान शेवटी निकाल सांगतो.

भिवापूरहून परत आलो त्याच संध्याकाळी, काकाजींचा शब्द मोडवेना म्हणून, मी त्या इमारतीत गेलो. सळया चुकवत जिना चढलो. काकूंनी दार उघडलं, आणि कॅलेंडर जवळ नसल्यामुळे त्यांना माझ्याकडे पाहावं लागलं. काका आत होते. सोसायटीचे सेक्रेटरीही तिथंच बसले होते. पहिली दहा मिनिटं फार वाईट गेली. मग मी नाल्याचं काढलं. सेक्रेटरी म्हणाले, "हो, आमच्या तळमजल्यावर पाणी येतंच की! पण ते गटाराचं आहे असं आम्ही समजत होतो." समोरच्या आजोबांना बोलावून आणलं. आजोबांनी चहाच्या बशीत बोटानं नाल्याची वाट काढून दाखवली. आर्किटेक्टला फोन लागला. तो बाईमाणूस होती, आणि फार समजूतदार. म्हणाली, "हे मला कोणीच सांगितलं नाही. सहा महिन्यांपूर्वी कळलं असतं तर तळघर एक मजल्याचं करून दुसरीकडे सरकवलं असतं. तशी वरची इमारतही थोडी फिरली असती."

"आणि तीननंतरचं ऊन?"

"कसलं ऊन?"

मिरच्यांचं सांगितलं. ती हसली. म्हणाली, तिच्या आईचंही हेच असतं. पण नकाशे आता वर गेले होते. ते खाली आणायचे तर पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि तोवर काकूंच्या स्वयंपाकघरात पाचवं पातेलं. त्यांना आणखी दोन पावसाळे त्या छपराखाली काढा असं सांगायची माझी छाती झाली नाही. तळघराचं मात्र तिनं लावून धरलं आहे, निदान पंप आणि पाण्याला वाट तरी ठेवू, म्हणते. बघू.

गेल्या आठवड्यात मला कार्यालयाचं पत्र आलं. 'आपली हरकत क्र. ३७ नोंदविण्यात आली असून प्रस्ताव शासनाकडे सादर करण्यात आला आहे.' खाली सही, तिच्यावर शिक्का, शिक्क्यावर चहाचा गोल डाग. नाल्याबद्दल एक अक्षर नाही. मी ते जपून ठेवलं आहे, कारण सरकारनं मला लिहिलेलं, करवसुली नसलेलं, ते पहिलंच पत्र आहे.

त्याच दिवशी संध्याकाळी काकू आल्या. सुनावणीपासून त्यांच्याकडे अडकलेली आमची वाटी परत आणली होती, त्यात आंब्याचं लोणचं. जरा इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग म्हणाल्या, "भाऊजी, आमच्या गच्चीवर आता कोणाला जाऊ देत नाहीत. स्लॅब धोक्याचा आहे. आमच्या पाच किलो मिरच्या यंदा तुमच्या गच्चीवर वाळत घातल्या तर चालतील का?"

मी म्हणालो, "हरकत नाही."

आत स्वयंपाकघरात एक पातेलं जरा जोरात आपटल्याचा आवाज आला.